माळ्यावरची गिटार

गिटार घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो. काळी आहे का, निळी आहे का, कडेला ती लालसर झाक असते तशी आहे का. श्रीवर्धनच्या बाजारपेठेतल्या वाद्यांच्या दुकानात मी सव्वीस वर्षं उभा आहे, आणि रंगाच्या आधी दुसरं काही विचारणारी माणसं मला बोटांवर मोजता येतील. मला लिहायचं आहे ते गिटार घ्यायला न आलेल्या एका माणसाबद्दल. पण या अंकाच्या संपादकांनी दुकानातले अनुभव मागितले आहेत, आणि जे लिहायचं आहे त्याला हात घालायला मला जरा वेळ लागेल. म्हणून आधी दुकान.

दुकान माझं नाही, शेठचं. शेठच्या वडिलांचा घड्याळं आणि रेडिओ विकण्याचा धंदा होता. शेठनी त्यात ढोलकी, पखवाज, पेट्या, टाळ आणले. कोकणात भजनी मंडळांना तोटा नाही, त्यामुळे ते चाललं. गिटार आली ती माझ्या हट्टानं. अलिबागला कॉलेजात असताना वसतिगृहातल्या एका मुलाकडून मी वाजवायला शिकलो होतो. शिकलो म्हणजे गाण्याच्या मागे साथ धरण्यापुरतं. पण जे थोडं येतं त्याचंच वेड जास्त असतं. पहिल्या दोन गिटारी भिंतीवर लावल्या तेव्हा शेठ आपल्या गुजराती-मराठीत म्हणाले, "जो विनायक, आ लाकडाचं खोकं इकडे कोण घेशे? आपल्याकडे लोक आरती म्हणतात."

"आरतीलापण चालते, शेठ."

"तो तू वाजव. गिऱ्हाईक आला नाही, तर दोन्ही तुझ्या गळ्यात."

गिऱ्हाईक आलं. मासेमारीच्या बोटीवरचे आले, शाळेतले आले, सुट्टीत आलेले मुंबईकर आले. आणि प्रत्येकाला मी तेच सांगत आलो आहे. रंग सोडा. गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरा आणि मानेच्या कडेनं पुढे बघा. सुतार फळी बघतो ना, तसं. मान सरळ दिसली पाहिजे. मग तार आणि मान यांच्यामध्ये किती जागा आहे ते बघा. जागा जास्त असेल तर तार दाबताना बोटांना त्रास होईल आणि महिन्याभरात तुम्ही ती कपाटावर टाकाल. फार कमी असेल तर तार खडखडेल. आणि शेवटी मधल्या भोकाच्या कडेवर बोट फिरवा. तिथे पापडासारखे थर दिसले तर समोरची फळी प्लायची. लाकडाची रेघ वरून आत तशीच उतरत गेली, तर ती अख्ख्या लाकडाची. प्लायची गिटार पहिल्या दिवशी जशी वाजते तशीच दहा वर्षांनी वाजते. अख्ख्या लाकडाची मात्र वाजवून वाजवून पिकते. हे सांगताना मी जरा मोठ्या आवाजात बोलतो, असं आमच्या सौभाग्यवतीचं म्हणणं आहे.

एकदा पुण्याचं एक कुटुंब हरिहरेश्वरला जाता जाता थांबलं. समुद्रावर शेकोटीपाशी वाजवायला गिटार हवी होती. घेऊन गेले, आणि दोन दिवसांनी परत. "आवाज बसलाय हो हिचा." मी गिटार उलटी केली, तर भोकातून ओंजळभर वाळू पडली आणि वाळूबरोबर एक छोटा खेकडा. तो काउंटरवरून तुरुतुरु पेटीच्या मागे गेला. शेठ खुर्चीवर पाय घेऊन बसले. "विनायक, हा कुठला सूर?"

लेलेबाई निवृत्त झाल्यावर आल्या. छत्तीस वर्षं गणित शिकवलेलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू तोच ना रे, भूमितीत नापास होणारा?" त्यांचा हात लहान होता. मी मोठ्या पोटाच्या गिटारी बाजूला केल्या आणि लहान अंगाची, नायलॉनच्या तारांची एक दिली. मांडीवर घेऊन दहा मिनिटं नुसतं बसा म्हटलं. बाई बसल्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "जमेल असं वाटतंय." त्यांना अजून तीनच गाणी येतात. पण रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसून ती तीन गाणी वाजवतात, आणि मला रस्त्यात भेटल्या की बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे दाखवतात. मी कुठल्याही मोठ्या वादकाला गिटार विकलेली नाही. हौशी माणसांनाच विकली. त्याचा मला अभिमान आहे. अभिमान वाटावा असं एवढंच, म्हणून आधी सांगून घेतलं.

आता पावसाळा. आमच्या किनाऱ्यावर जून लागला की वाद्यं आजारी पडतात. ढोलकीची पुडी सैल पडते, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, गिटारीच्या तारा गंजतात. अख्ख्या लाकडाच्या गिटारीचं तर पोटच वर येतं, आणि मग तारा मानेपासून इतक्या उचलल्या जातात की दाबवत नाहीत. नव्या स्लॅबच्या घरांत ओल जास्त. आमचं घर जुन्या पद्धतीचं कौलारू आहे, मागे सुपारीची वाडी आहे, आणि स्वयंपाकघरावर माळा आहे. खाली आंघोळीच्या पाण्याची चूल अजून पेटते, त्या उबेनं माळा कोरडा राहतो. सुपारीची पोती, कोकमं, पापड असं सगळं पावसाळाभर तिथे.

ज्यांच्या घराला माळा नाही ते आपल्या वस्तू ज्यांच्याकडे माळा आहे त्यांच्याकडे ठेवतात. आमच्या आळीतली ही रीत फार जुनी आहे. कुणाच्या गाद्या, कुणाचा पखवाज, कुणाच्या देव्हाऱ्यातल्या पोथ्या. त्याचे काही लिहिलेले नियम नाहीत, पण एक सगळ्यांना ठाऊक असतो. माळ्यावर दिलेली वस्तू मागायची नसते. मागितली तर तुमचा विश्वास नाही असा अर्थ होतो. ती सुकली, पाऊस ओसरला, की घरचा माणूस स्वतः आणून देतो.

इक्बालभाई हे मला भेटलेले सर्वांत चांगले गिटार वाजवणारे. मस्कतला एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात वीस वर्षं काम करून ते खाडीकडच्या आपल्या गावी कायमचे परत आले. तिथे त्यांच्या खोलीत एक फिलिपिनो राहायचा, हॉटेलच्या बँडमधला. त्यानं यांना शिकवलं आणि मायदेशी जाताना स्वतःची गिटार यांना दिली. ती घेऊन इक्बालभाई पहिल्यांदा दुकानात आले ते तारा घ्यायला. गिटारीच्या पेटीचं झाकण उघडलं आणि मी बोलायचं थांबलो. समोरची फळी जुन्या तुपाच्या रंगाची झाली होती. बोटं जिथे घासत होती तिथलं पॉलिश जाऊन लाकूड उघडं पडलं होतं. मी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. रेघ सरळ आत उतरत होती.

"वाजव ना," ते म्हणाले. "बघतोस काय नवरी बघितल्यागत?"

मी वाजवली. एकच सूर धरला. तो माझ्या छातीच्या हाडात वाजला, असंच मला लिहावं लागेल, कारण दुसरं काही मला येत नाही. त्या दिवसापासून दुकानातली एकही गिटार मला आवडली नाही. गिऱ्हाइकांना सांगत राहिलो, मान बघा, तार बघा, आणि मनात तीच.

इक्बालभाई आठवड्यातून दोनदा यायचे. बाजार झाला की दुकानातल्या स्टुलावर बसून जुनी हिंदी गाणी वाजवायचे. गात नसत. त्यांच्या वाजवण्यात घाई नव्हती. शेठसुद्धा हिशेब बाजूला ठेवून ऐकायचे. मला ते म्हणायचे, "तू हातानं वाजवतोस रे विनायक. कानानं वाजव. हात येतो मागनं."

सहा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ते आले तेव्हा गिटारीचं पोट वर आलं होतं. त्यांचं घर स्लॅबचं. "दाबवत न्हाय आता," ते म्हणाले. "बोटं सोलली. काय करायचं, डॉक्टर?"

"माझ्या माळ्यावर ठेवू. तारा सैल करून. सुकली की आणून देतो."

हे मी त्यांच्यासाठी म्हणालो की माझ्यासाठी, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

चुलीच्या वर नको, जास्त उष्णतेनं फळी चिरली असती. म्हणून मी ती माळ्याच्या कडेला, सुपारीच्या पोत्यांपलीकडे, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली. रोज दुपारी बघायचो. आमच्याकडे बाजार दुपारी एक ते चार बंद असतो. नवव्या दिवशी फळी खाली बसली. मी तारा चढवल्या, मान डोळ्यासमोर धरून बघितली. सरळ. तारा दाबल्या. लोण्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायची असं ठरवलं होतं. त्या दुपारी म्हटलं, तासभर वाजवून बघू.

मी ती दहा आठवडे दिली नाही.

जेवण झालं की मी शिडी चढून वर जायचो. पोत्याला टेकून बसायचो. कौलांवर पाऊस, सुपारीचा तुरट वास, आणि मांडीवर ती. खरं सांगतो, इतका आनंद मला आयुष्यात कशानं झालेला नाही. लग्नानं नाही, मुलीच्या जन्मानं नाही. हे लिहू नये हे कळतं. त्या गिटारीवर माझा चुकलेला सूरसुद्धा बरा वाटायचा. मी कानानं वाजवायला लागलो आहे, असं वाटायचं.

एकदा माझी बायको सुलभा शिडीखालून म्हणाली, "खाली एक आहे, आता वर दुसरी. मला सांगा, माझा नंबर कितवा?" मी हसलो. जुलै सरता सरता ती हसायची थांबली. "अहो, सुकली ना ती? मग द्या की त्यांची त्यांना."

"अजून जराशी ओल आहे."

"मी चढून हात लावून बघितलाय," ती म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली.

इक्बालभाई पावसातही दुकानात यायचे. मागायचं नसतं, म्हणून त्यांनी मागितली नाही. छत्री झटकून बसायचे. एकदा भिंतीवरची एक गिटार काढून घेतली, दोन मिनिटं वाजवली आणि परत टांगली. "न्हाय रे. दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यागत होतं." मग दाराबाहेर बघत म्हणाले, "पाऊस फार हाय न्हाय यंदा?"

त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. त्या दिवशी तर सकाळपासून उघडीप होती.

"फार आहे," मी म्हणालो. "आठ-पंधरा दिवस लागतील."

"लागू दे, लागू दे. तुझ्याकडं हाय म्हंजे बिनघोर."

ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या आधी, निरोप आला. इक्बालभाईंना अर्धांगाचा झटका आला होता. मुंबईच्या इस्पितळात नेलं होतं. तीन आठवड्यांनी परत आणलं. बोलणं जरासं जड झालं होतं. पाय हळूहळू चालेल असं डॉक्टर म्हणत होते. डावा हात गेला. जो हात मानेवर तारा दाबतो, तोच.

त्यांचा हात चालत होता त्या शेवटच्या दहा आठवड्यांत गिटार माझ्या माळ्यावर होती. ती मी वाजवत होतो.

मी ती धोतरातून काढली, पेटीत घातली आणि त्यांच्या घरी नेली. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. भाभींनी पेटी उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी उजवा हात फळीवर ठेवला. बराच वेळ तसाच.

"कवा सुकली?" त्यांनी विचारलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. "परवाच," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले. "फार दिवस लागले पन बरं झालं."

ते एक वर्ष मी दुकानात गिटार विकली ती कशी, मला आठवत नाही. घरी माझी स्वतःची गिटार मी खुंटीवरून काढली नाही. सुलभानं एकदा नुसतं विचारलं, "सांगितलंत का त्यांना?" मी नकारार्थी मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्याचं जास्त ओझं होतं.

पुढच्या जूनला भाभींचा फोन आला. "विनायकभाई, पाऊस लागला. ते म्हणतात गिटार तुमच्या माळ्यावर ठेवायची. घेऊन जाल ना?"

मी गेलो. गिटार पेटीत घालून, वरून स्वच्छ चादर गुंडाळून, गाठ मारून दाराशी तयार ठेवली होती. भाभी चहा टाकायला आत गेल्या. मी गाठीला हात लावला आणि मला ती उचलवेना.

"मी नेणार नाही, इक्बालभाई."

"का रे? माळा गळतो काय?"

मग मी सगळं सांगितलं. नवव्या दिवशी सुकली होती. दहा आठवडे. दुपारी जेवून वर जायचो. तुम्ही पावसाबद्दल विचारलंत तेव्हा ऊन पडलं होतं. सगळं. भाभी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या, त्या कधी आल्या मला कळलं नाही. त्यांनी कप खिडकीत ठेवले. माझ्या हातात दिला नाही.

"भाई," त्या म्हणाल्या, "हे रोज खिडकीत बसायचे. बोटं अशी मांडीवर वाजवायचे. मी म्हणायचे, जाऊन घेऊन या. तर म्हणायचे, असं मागायचं नसतं, विनायकला वाईट वाटंल."

इक्बालभाईंनी डाव्या हाताचा पंजा उजव्यानं उचलून मांडीवर नीट ठेवला. मग विचारलं, "काय काय वाजवलंस?"

मी गाण्यांची नावं सांगितली. त्यांच्याकडूनच ऐकलेली होती सगळी.

"बरी वाजते तुझ्या हातात?"

"तुमच्यासारखी नाही."

"ते न्हाय इचारलं."

"बरी वाजते," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. मी उठलो तेव्हा म्हणाले, "चादर सोड. घेऊन जाऊ नको. हितंच सुकव."

"इथे ओल आहे."

"म्हनून तर. तू ये. काय करायचं ते हितं येऊन कर."

तेव्हापासून पावसाळ्यात दर गुरुवारी, बाजार बंद झाला की दुपारी मी त्यांच्या घरी जातो. पेटीत भाजलेल्या तांदळाच्या दोन पुरचुंड्या ठेवल्या आहेत, ओल शोषायला. त्या बदलतो. तारा कापडानं पुसतो, गंजलेली बदलतो, फळीच्या पोटावर पट्टी आडवी ठेवून वर आलं का बघतो. माझ्या सव्वीस वर्षांत मी दुसऱ्या कुठल्याही गिटारीची इतकी निगा राखलेली नाही. पहिल्या गुरुवारीच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "सुरात लाव. वाजवू नको."

भाभी आता चहा देतात. पहिली दोन वर्षं देत नव्हत्या. त्या माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखं बोलतील असं मला वाटत नाही, आणि वाटूही नये. इक्बालभाई बोलतात. मासळीबद्दल, मस्कतमधल्या त्या फिलिपिनोबद्दल, दुकानात कोण आलं त्याबद्दल. आता बहुतेक मुलं गिटार फोनवरून मागवतात आणि नुसती जुळवून घ्यायला आमच्याकडे येतात, असं सांगितलं तर हसले. "रंग बघून मागवतात?" म्हणाले. माफीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

सगळं झालं की मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवतो. मान माझ्या बाजूला येते. ते उजव्या हाताचा अंगठा जाड तारेवर ठेवतात आणि हळूहळू खाली आणतात. सहा मोकळ्या, न दाबलेल्या तारा, एकामागून एक. त्यात गाणं नसतं. कधी म्हणतात, "तिसरी उतरलीय," आणि खरंच केसभर उतरलेली असते. मी ती चढवतो. ते पुन्हा अंगठा फिरवतात. मोकळ्या तारांना पुढे जायला जागाच नसते. मानेवर दोन बोटं टेकवली तर त्याच आवाजाचं गाणं होईल, आणि ती मान माझ्यापासून वीतभर अंतरावर असते.

एकदा माझा हात पुढे गेला होता. त्यांनी बघितलं. आवाज न चढवता म्हणाले, "हात काढ."

आता आवाज विरेपर्यंत मी डावा हात मांडीखाली दाबून बसतो.